दाखल क्रमांक दोनशे सतरा

दर चार-पाच वर्षांनी आठ दिवस
आमचा एक देश होतो.
कृष्णा आधी उसात शिरते, मग रस्त्यावर,
फरशी पूल जातो, एस.टी. आष्ट्यातनंच माघारी वळते
आणि कुरणवाडी चारी बाजूंनी सुटते.
लोकसंख्या सहाशे, जनावरं वेगळी.
सीमा रोज सकाळी नव्यानं आखायची,
देवळाच्या पायरीवर, खडूनं.

या देशाला ग्रंथालय आहे, चावडीच्या माडीवर.
ड वर्ग. क कधी झालं नाही.
छत्तीस साली आदगोंडा उपाध्ये मास्तरांनी
रॉकेलच्या लाकडी खोक्यात एकेचाळीस पुस्तकं जमवली,
त्यातली सात पंचांगं.
भिंतीवर पहिला नियम लिहिला :
बोट ओलं करून पान उलटू नये.

मग दस्तगीर बोजगर, बांधणीवाले.
खळ शिजवताना मोरचूद टाकायचे
आणि वाळवीला म्हणायचे, ये, जेव आता.
मग तीस वर्षं भूपाल मगदूम.
त्यांच्याकडून माझ्या हातात आल्या
दोन किल्ल्या, एक शिक्का, जांभळ्या शाईची दौत
आणि थकबाकीदारांची यादी.

त्रेसष्ट पुस्तकं बाहेर.
कुणी लग्न होऊन अथणीला गेलेली,
कुणी इचलकरंजीत मागावर,
कुणी पुण्याला, नुसतंच पुण्याला.
दर दिवाळीला मी कार्ड टाकायची :
त्वरित जमा करावे. दंड चालू आहे.
उत्तर एकाचंही नाही.
तोंडानं मी त्यांना सभासद म्हणायची,
मनात चोर.

एकोणीस सालचं पाणी खडूच्या रेघेला थांबलं नाही.
रात्री जिन्यात आलं.
सातवी पायरी. आठवी.
गणू अंबीनं नाव खिडकीला लावली,
म्हणाला, अक्काताई, माणसं घेतोय, कागद न्हाई.
मी नोंदवही पोटाशी धरून उतरले.
त्यानं बघितलं.
वल्हं मारलं.

ओसरल्यावर कपाटं उघडेनात,
पुस्तकं फुगून आत घट्ट बसलेली.
पहारीनं काढली. ट्रॅक्टरच्या चार खेपा.
बोजगरांची खळ तेवढी अजून चिकट होती,
आत धरायला काही नसताना.

मग बसले नोंदवही घेऊन.
एकेका ओळीपुढं तांबड्या शाईनं : पुरात गेले.
पुरात गेले.
पुरात गेले.
एकशे ब्याण्णवपाशी हात थांबला.
हे पुरात गेलं नव्हतं.
हे अथणीला गेलं होतं.

परत कार्डं टाकली. दंडाचं लिहिलं नाही.
अथणीहून पार्सल आलं, पानांवर हळदीची बोटं.
इचलकरंजीचा म्हातारा स्वतः आला,
पुस्तक धडप्यात गुंडाळून,
एकोणतीस वर्षांचा दंड सुट्ट्या पैशात मोजून.
मी घेतला नाही.
घ्यायला हवा होता, माडीवर पत्रा नव्हता.
पुण्याहून कुणाच्या नातीनं पाठवलं,
आत आज्ज्याचं स्वारगेटचं तिकीट, खुणेला.

बासष्ट जमली.
ज्यांनी वेळेत आणून दिली
त्यांची सगळी बुडाली.
हे मी कुणाला बोलून दाखवत नाही,
शाळेची पोरं येतात ग्रंथालयात.

एक अजून बाहेर आहे. दोनशे सतरा.
नेणाऱ्याचं नाव पुसट, पत्ता नुसता मु. पो.
तपासणीचे साहेब म्हणाले, हे निर्लेखित करून टाका.
म्हटलं, साहेब, असू दे,
देशाचा एक तरी वकील परमुलखात लागतो.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
दुसऱ्याच कागदावर सही केली.

आता जुलै लागलाय. आयर्विनखाली चौतीस फूट.
सकाळपासून मी पुस्तकं वाटतेय,
लांबच्यांना जास्त.
विट्याचा एक भाचा आलेला, त्याला अकरा दिली,
त्याला वाचायचा नाद नाही, गाडीला डिकी आहे.
जो तो विचारतो, परत कधी आणू?
मी शिक्का मारते.
तारखेचा रकाना तसाच.
खालनं गणू ओरडतोय,
फरशीला लागलं बघा.